इंजिन वाजते आहे? खोलण्यापूर्वी ऐका

पनवेल भागात छोटा धंदा करणाऱ्याच्या दारातील चारचाकी ही चैन नव्हे, ते त्याचे दुसरे दुकान असते. करंजाडे येथे सिडकोच्या सेक्टरांतून सकाळी एक फेरी मारली तर इमारतींखाली आणि रस्त्याच्या कडेला एमएच ४६ पाटीच्या ओम्नी, ईको आणि लहान टेम्पो ओळीने उभे दिसतात. कुणाच्या मागे प्लायवूडचे तुकडे आणि रंधा, कुणाच्या मागे बिर्याणीचे डेग, कुणाच्या मागे तयार कपड्यांचे गठ्ठे. ही गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची रोजी बुडते.

अशी गाडी एके सकाळी वाजू लागते. मालक तिला गॅरेजमध्ये नेतो. मिस्त्री बॉनेट उघडतो, दोनदा रेस देतो आणि सांगतो, "इंजिन खोलावे लागेल." एवढ्या एका वाक्यावर काही हजारांचा खर्च आणि आठ-दहा दिवसांची खोटी उभी राहते. मिस्त्री लबाड असतोच असे नाही. पुष्कळदा त्याच्याकडे ऐकत बसायला वेळ नसतो आणि ऐकत बसण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. या दुसऱ्या गोष्टीकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

आमचे सांगणे इतकेच की पाना लावण्यापूर्वी कान लावावा. इंजिनातून येतो असे वाटणारे बरेच आवाज इंजिनाच्या आतले नसतातच. जे आतले असतात त्यांतील काही सुट्टीच्या दिवशी दोन तासांत घरीच बंद करता येतात. उरलेल्यांपैकी काही असे असतात की ते ऐकू येताच चावी बंद करावी आणि पुन्हा लावू नये. या तीन जातींतला फरक मालकाला कळला तरी त्याचे निम्मे नुकसान टळते.

आधी ऑईल

गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे जाऊ द्यावीत आणि ऑईलची पट्टी काढावी. फडक्याने पुसून पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग वाचावी. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवे. खालच्या खुणेच्याही खाली असेल तर आवाजाचे अर्धे उत्तर तिथेच मिळाले. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचेच ऑईल भरावे, पाच-दहा मिनिटे इंजिन चालवावे आणि पुन्हा ऐकावे. वरच्या खुणेच्या वर भरणेही चूक आहे. फिरता क्रँक त्या ऑईलला घुसळून फेस करतो, आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही.

ऑईलवर इतका भर का, तर क्रँक आणि त्याचे बेअरिंग एकमेकांना टेकून फिरत नाहीत. दोघांच्या मध्ये ऑईलचा एक पातळ थर असतो, आणि तो पंपाच्या दाबावर टिकतो. दाब गेला की थर जातो आणि धातूवर धातू बसतो. चावी फिरवली की डॅशबोर्डवर लाल रंगाचा, तेलाच्या झारीच्या चित्राचा दिवा लागतो. इंजिन सुरू होताच एक-दोन सेकंदांत तो विझला पाहिजे. तो विझत नसेल, किंवा चालता चालता लागला आणि सोबत ठकठक ऐकू आली, तर गाडी तिथेच थांबवावी. "गॅरेज जवळच आहे, हळूहळू नेतो" या विचाराने चांगली इंजिने कायमची गेली आहेत. टोचन करून न्यावी. टोचनचा खर्च क्रँकच्या खर्चापुढे काहीच नाही.

आपल्या भागातली एक गोष्ट इथेच सांगतो. जेएनपीटीच्या वाटेवर अवजड ट्रकांची रहदारी अखंड असते आणि पावसाळ्यानंतर खड्ड्यांची दुरुस्ती कधी होईल ते सांगता येत नाही. उंच स्पीडब्रेकरवर किंवा खड्ड्यात भरलेल्या गाडीचे ऑईल चेंबर खालून आपटते. चेंबर फुटले तर ऑईल गळते आणि मालकाला कळते. पण ते नुसते चेपले तर बाहेर काही दिसत नाही, आणि आत ऑईल ओढणाऱ्या जाळीचे तोंड चेपलेल्या पत्र्यावर टेकते. पंपाला ऑईल कमी मिळते, पट्टीवर मात्र ऑईल पुरेसे दिसते. तेव्हा गाडी आपटल्यानंतर आवाज सुरू झाला असेल तर आधी चेंबरच्या खाली वाकून पाहावे.

तीन प्रश्न आणि रबरी नळी

ऐकायची वेळ पहाटेची. रात्रभर उभी राहिलेली गाडी थंड इंजिनाने सुरू करताना जे सांगते ते दिवसभर पळालेली गाडी सांगत नाही. फज्रनंतर रस्ताही शांत असतो.

पहिला प्रश्न, आवाज थंड इंजिनाला येतो की गरम झाल्यावर? दुसरा, उभ्या गाडीत रेस दिल्यावर तो वाढतो, की गाडी पळू लागल्यावरच येतो? पळाल्यावरच येत असेल तर तो बहुधा चाकाच्या बेअरिंगचा, एक्सलचा किंवा टायरचा असतो आणि इंजिनाला त्यात गोवू नये. तिसरा, क्लच दाबल्यावर किंवा एसी लावल्यावर आवाज बदलतो का? न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच पूर्ण दाबताच ती थांबते, तर दोष गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये असण्याचा संभव अधिक. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर क्लचचे रिलीज बेअरिंग गेले आहे. एसीचे बटण दाबताच आवाज आला तर कंप्रेसर किंवा त्याचा पट्टा पाहावा. पाना न उचलता एवढे कळते.

मग जागा शोधावी. डॉक्टरच्या नळीसारखे यंत्र बाजारात मिळते, पण हात-दीड हात लांबीची साधी रबरी नळीही तेच काम करते. एक टोक कानाशी धरून दुसरे टोक इंजिनाच्या आजूबाजूला फिरवावे. आवाज कोणत्या कोपऱ्यातून येतो ते नळी दाखवते. नेमका भाग ओळखायला लांब डिसमिस घ्यावा, त्याचे टोक अल्टरनेटरच्या अंगावर, वॉटर पंपाच्या अंगावर, टॅपेट कव्हरवर असे पाळीपाळीने टेकवावे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावावी. खराब बेअरिंगची खरखर इतकी स्पष्ट ऐकू येते की नवखा माणूसही ओळखतो.

हे करताना सैल बाही, गळ्यातला रुमाल, ओढणी, हातातले कडे काही नको. पट्टा आणि पंखा माणूस पाहत नाहीत. विजेचा पंखा तर अचानक आपोआप सुरू होतो. शटर ओढलेल्या दुकानात किंवा बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. गाडीच्या खाली जायचे असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नये, विटांवर तर नाहीच, कारण वीट एकदम फुटते. लोखंडी स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे लावावेत आणि मागच्या चाकांना अडण द्यावी.

बाहेरचे आवाज

सर्वांत स्वस्त दोष सर्वांत जास्त घाबरवतो. सायलेन्सरच्या पाइपवर उष्णता अडवणारा पातळ पत्रा असतो. त्याचा एक बोल्ट गंजून तुटला की एका ठराविक रेसला डब्यात खडे हलवल्यासारखा खणखणाट होतो. कोकणच्या दमट हवेत हे हमखास होते. गाडी थंड असताना पत्रा हाताने हलवून पाहावा. सैल असेल तर मोठी होज क्लिप घालून आवळावा, काम संपले.

पट्ट्याची किंचाळी दुसरी. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताच चीं असा आवाज येतो आणि थोड्या वेळात जातो. चालत्या पट्ट्याच्या आतल्या, पुलीला लागणाऱ्या बाजूवर दुरून थोडे पाणी शिंपडावे. आवाज वाढला तर पट्टा ढिला आहे किंवा गुळगुळीत झाला आहे. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. साबण, पावडर, ग्रीस असले उपाय करू नयेत. ग्रीसने पट्टा आणखी घसरतो आणि रबरही खराब होते.

किंचाळी नसून घरघर असेल तर पट्ट्यावर चालणाऱ्या कुठल्या तरी भागाचे बेअरिंग गेले आहे. इंजिन बंद करून पट्टा काढावा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवून, हलवून पाहावी. खरखर लागली किंवा पुली डुलली की चोर सापडला. हवे तर पट्ट्याशिवाय इंजिन अर्धा मिनिट चालवून आवाज गेला का ते ऐकावे. त्याहून जास्त नाही, कारण पुष्कळ गाड्यांत वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असतो. एक सावधगिरी. हा सारा मजकूर बाहेरून दिसणाऱ्या पट्ट्याबद्दल आहे. झाकणाआड असलेल्या टायमिंगच्या पट्ट्याला घरी हात लावू नये. त्याचा एक दात चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकू शकतात.

तिसरा बाहेरचा आवाज टॅपेटशी हुबेहूब मिळतो, आणि त्यापायी बरेच पैसे वाया जातात. सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जिथे जोडलेला असतो तिथली पॅकिंग फुटली की थंड इंजिनाला टिकटिक येते. मॅनिफोल्ड तापून फुगला की फट बंद होते आणि टिकटिक कमी होते. जोडाजवळ काळी काजळी दिसते का ते पाहावे. थंड इंजिनावर साबणाचे पाणी मारून सुरू केले तर तिथे बुडबुडे येतात. त्या वेळी हात लावू नये, मॅनिफोल्ड मिनिटभरात भाजण्याइतका तापतो.

उभी गाडी थरथरते, गिअर टाकताना धक्क्याने ठक वाजते, तर इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसवले आहे ते फाटले असेल. एकाने ब्रेक दाबून धरावा आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडून पुन्हा दाबावा. दुसऱ्याने गाडीच्या बाजूला, पुढे नव्हे, उभे राहून इंजिन किती उचलते ते पाहावे.

टिकटिक

आता आतले आवाज. शिलाई मशीन दूर चालू असल्यासारखी हलकी, एकसारखी टिकटिक, वरून टॅपेट कव्हरच्या भागातून येणारी. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅमशाफ्ट एक घेतो. म्हणून टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या निम्म्या गतीने पडते. कान सरावला की ही चाल लगेच वेगळी कळते.

ज्या गाड्यांत टॅपेट स्क्रूने जुळवायचे असतात त्यांत हे काम घरी होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांच्या पिढ्याच्या पिढ्यांनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचे टॅपेट स्वतः लावले. त्या टॅक्सींपैकी शेवटची नोंदणी झालेली गाडी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून उतरली, आणि तिच्याबरोबर गाडीकडे कान लावून बसणारा तो मालक-चालकही दुर्मीळ झाला. १९८३ साली आलेली मारुती ८०० आणि तिच्याच तीन सिलिंडरांच्या इंजिनावर चालणारी ओम्नी या दोन्ही गाड्या आता बनत नाहीत. ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये आणि ओम्नीचे २०१९ मध्ये थांबले. पण आपल्या लोकांकडे त्यांतल्या पुष्कळ अजून कमावत्या आहेत, म्हणून पद्धत त्यांना धरूनच सांगतो.

इंजिन पूर्ण थंड हवे. टॅपेट कव्हर काढावे, प्लग काढावेत म्हणजे इंजिन हाताने हलके फिरते. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या चालीच्या दिशेनेच फिरवावे. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आला आणि त्याच्या दोन्ही टॅपेटना हाताला किंचित ढील लागली, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत. पिस्टन वर असूनही ढील लागत नसेल तर आणखी एक पूर्ण फेरा द्यावा. आता फिलर गेजची पाती टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये घालावी. किती जाडीची पाती ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. थंड इंजिनाचे आणि गरम इंजिनाचे माप वेगळे असते, ते नीट वाचावे. पाती लोण्यासारखी सरकली तर फट जास्त, अडकली तर कमी. चिमटीत धरलेला कागद ओढताना जेवढा अडतो तेवढी अडली पाहिजे. लॉकनट सैल करून स्क्रू फिरवावा, स्क्रू धरून ठेवून नट आवळावा आणि पाती पुन्हा घालून पाहावी, कारण नट आवळताना माप हलते. हेच प्रत्येक सिलिंडरला. शेवटी कव्हरची पॅकिंग पाहावी, कडक झाली असेल तर नवी टाकावी.

आवाज पार बंद करण्याच्या हौसेने टॅपेट घट्ट करू नये. घट्ट टॅपेट वाजत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. गॅस कोरडा असतो, व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू खोल बसत जातो आणि टॅपेटची फट आपोआप कमी होते. म्हणजे इंजिन दिवसेंदिवस शांत होत जाते, पण सकाळी लवकर सुरू होत नाही आणि चढावर दम सोडते. अशा गाडीचे टॅपेट आवाज नसला तरी वेळेवर मोजून घ्यावेत.

नव्या गाड्यांपैकी अनेकांत टॅपेट ऑईलच्या दाबावर आपोआप जुळतात किंवा त्यांचे माप बदलायला खास सामान लागते. तिथे घरी स्क्रू शोधू नये. ऑईल आणि फिल्टर वेळेवर बदलणे एवढेच आपल्या हाती. साखळीची टायमिंग असलेल्या गाडीत सकाळी सुरू करताच समोरच्या बाजूने सेकंदभर साखळी खळखळली तर तीही तक्रार बहुधा ऑईलच्या दाबाची किंवा ताण देणाऱ्या टेन्शनरची असते. खळखळ लांबू लागली तर मिस्त्री गाठावा.

ठकठक

लाकडी ठोकळ्यावर हातोडी मारावी तसा खोल, जड आवाज. तो खालून, चेंबरच्या वरच्या भागातून येतो. रेस वाढवून किंचित सोडली की त्या क्षणी सर्वांत स्पष्ट होतो आणि गरम झाल्यावर वाढतो, कारण गरम ऑईल पातळ होते. हे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग. याच्या उलट थंड असताना पोकळ ठकठक आणि दहा मिनिटांत बंद, तर पिस्टन सिलिंडरमध्ये ढिला झाला आहे. धातू तापून फुगला की ढील भरते. असे इंजिन ऑईल वेळेवर बदलून बराच काळ चालवता येते. पहिला आवाज मात्र थांबायला सांगतो.

पिस्टन वरखाली, क्रँक गोल, आणि दोघांना जोडणारा दांडा. ही जुळणी करणाऱ्या कारागिरांत आपलीही जुनी नावे आहेत. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातील अल-जझरी यांनी १२०६ साली पूर्ण केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात फिरत्या चाकाने दोन सिलिंडरांतले दट्टे पुढेमागे हलवून पाणी उपसणारा पंप आकृतीसह दिलेला आहे.

दोष कोणत्या सिलिंडरचा हे ओळखण्याची जुनी युक्ती अशी, की इंजिन मंद चालू ठेवून एकेका सिलिंडरचे काम थांबवायचे. ज्या सिलिंडरला थांबवल्यावर ठकठक मंदावते, त्याचा रॉड किंवा पिस्टन दोषी. जुन्या गाड्यांत यासाठी प्लगची वायर काढत. तिथला करंट जोराचा झटका देतो, आणि नव्या गाड्यांत न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते. त्यामुळे इंजेक्टरची पिन काढणे चांगले, तेही काही सेकंदच. ही पिन इंजिन बंद करूनच काढावी आणि मग सुरू करून ऐकावे.

दुसरा पुरावा ऑईलमध्ये असतो. ऑईल पांढऱ्या प्लास्टिकच्या टबमध्ये काढावे आणि उन्हात पाहावे. चकाकी दिसली तर लोहचुंबक फिरवावे. चिकटले तर लोखंड, म्हणजे साखळी, कॅम, रिंग यांपैकी काही झिजते आहे. चिकटले नाही आणि चमक तांबूस किंवा रुपेरी असली तर ते बेअरिंगचे असू शकते. हा टब मिस्त्रीकडे न्यावा, याच्याइतका बोलका साक्षीदार नाही. उरलेले ऑईल गटारात ओतू नये. करंजाड्याचे पाणी शेवटी खाडीला जाऊन मिळते. ते कॅनमध्ये भरून जुने ऑईल गोळा करणाऱ्याला द्यावे.

बेअरिंगचे काम घरी करायचे नाही. क्रँकची झीज मोजायला मायक्रोमीटर लागतो, बोल्ट ठराविक जोराने आवळावे लागतात आणि क्रँक घासायला लेथ-ग्राइंडरवालाच हवा.

चढावरची खडखड

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागून कर्नाळ्याची चढण भरल्या गाडीने चढताना काच्याच्या बरणीत गोट्या हलवल्यासारखी खडखड येते आणि सपाटीवर जाते. पुष्कळ लोक हिलाच बेअरिंग समजतात. हे पेट्रोल वेळेआधी, चुकीच्या ठिकाणी पेटण्याचे लक्षण आहे. कारणे भेसळीचे पेट्रोल, सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन, तापलेले इंजिन, चुकीचा प्लग किंवा पुढे असलेले टायमिंग.

ज्यांच्या गाडीत सीएनजी आहे त्यांना इथे फुकटची परीक्षा मिळते. त्याच चढणीवर एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर गाडी चालवावी. गॅसचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच वरचा असतो, म्हणून ही खडखड गॅसवर सहसा जाते. बेअरिंगला इंधनाशी देणेघेणे नाही, ते दोन्हींवर वाजते. खडखड फक्त पेट्रोलवर असेल तर आधी पंप बदलून पाहावा, रेडिएटर व प्लग तपासावेत. इंजिन खोलण्याची चर्चा नंतर.

ऐकण्याची मजुरी

आमच्या कारागीर बांधवांच्या एका जुन्या तक्रारीत तथ्य आहे. ग्राहक सामान बदलण्याचे पैसे देतो, दोष शोधण्याचे देत नाही. अर्धा तास खपून मिस्त्रीने सांगितले की "काही नाही, पत्रा ढिला होता," तर ग्राहक हसून चहा पाजतो आणि निघून जातो. त्याच मिस्त्रीने टॅपेट, पट्टा आणि बेअरिंग बदलून तोच पत्रा आवळला तर मुकाट्याने बिल भरतो. मग खरे बोलणारा उपाशी आणि सामान बदलणारा सुखी, अशी व्यवस्था आपणच तयार केली आहे.

मजुरी काम सुरू होण्यापूर्वी ठरवावी ही आपली शिकवण आहे. तेव्हा गाडी दाखवतानाच ग्राहकाने विचारावे की दोष ओळखण्याचे किती घ्याल, आणि दुरुस्ती झाली किंवा न झाली तरी ती रक्कम द्यावी. मिस्त्रीनेही ती सांगायला संकोचू नये. इंजिन खोलण्यास होकार देण्याआधी ऑईलचा दाब गेज लावून आणि प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून ते आकडे कागदावर मागावेत. गेज लावण्याचे टाळणाऱ्याकडे इंजिन खोलू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. काढलेले सामान परत मागावे. आपण स्वतः ऐकून ठेवलेले, म्हणजे थंड की गरम, कोणत्या बाजूने, क्लचने बदलते की नाही, हे सांगितले तर चांगल्या मिस्त्रीचा अर्धा वेळ वाचतो आणि दुसऱ्या प्रकारचा मिस्त्री जपून बोलतो.

हाच प्रश्न जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत अधिक टोकदार होतो, आणि आपले पुष्कळ लोक त्या धंद्यात आहेत. वाजणाऱ्या इंजिनात जाड ऑईल किंवा आवाज दाबणारे औषध घालून गाडी शांत करून विकण्याची युक्ती बाजारात सर्वांना ठाऊक आहे. जाड ऑईल ढिल्या बेअरिंगमधली फट काही दिवस भरून काढते, गाडी ग्राहकाच्या दारात पोहोचते आणि पहिल्या ऑईल बदलाला ठकठक परत येते. बाजारातील धान्याच्या राशीत प्रेषित (स.) यांनी हात घातला, आत धान्य ओले लागले आणि वर कोरडे ठेवणाऱ्या विक्रेत्याला त्यांनी खडसावले, ही हदीस आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकलेली असते. जाड ऑईल ही तीच ओली रास आहे. इंजिनात दोष असेल तर तो सांगून, किमतीत कमी करून गाडी विकावी. सांगून विकलेल्या गाडीचा ग्राहक भांडायला येत नाही, दुसरी गाडी घ्यायला येतो.

घेणाऱ्याने काय करावे? पट्टी काढून ऑईलचा थेंब दोन बोटांत चोळून पाहावा. थंड असूनही मधासारखा जाड आणि अगदी नवा, स्वच्छ दिसत असेल तर विचारावे की ऑईल कधी आणि कोणते टाकले, आणि डबा दाखवायला सांगावे. पट्टे नुसतेच पाण्याने ओले केलेले नाहीत ना ते पाहावे. बॉनेटवर तळहात ठेवावा. बॉनेट गरम लागले तर गाडी आपल्या येण्यापूर्वी तापवून ठेवली आहे. अशा वेळी सौदा बोलू नये, उद्या सकाळी येतो म्हणून सांगावे, आणि मी आल्याशिवाय चावी लावू नका, हेही सांगून यावे.